म्हाळू बोल्ला का?

आमच्या जीपच्या पाठीमागं पिवळ्या अक्षरांत संस्थेचं नाव रंगवलेलं होतं. त्या लांबलचक नावात 'मानसिक' असा एक शब्द होता आणि त्या एका शब्दापायी सातारा-सांगली भागात कुणी आम्हाला दारात गाडी लावू देत नसे. जयसिंग नावाचे आमचे ड्रायव्हर होते. गावाची वेस आली की ते गाडी थांबवायचे, खाली उतरून नेमक्या त्या शब्दावर चिखल थापायचे आणि मगच आत शिरायचे. पावसाळ्यात ही सोय बरी होती. उन्हाळ्यात जतकडं चिखल कुठला मिळायला, तेव्हा त्यावर पोतं टाकायचे. एकदा संस्थेच्या साहेबांनी गाडी धुऊन आणायला सांगितली, तर जयसिंगनी तोंडावर सांगितलं, "धुतली तर धंदा बसंल, साहेब."

धंदा म्हणजे काय ते आधी सांगते. नव्वदच्या दशकात मी या संस्थेत समाजसेविका होते. मनाच्या आजाराचं माणूस लांब कुठंतरी भिंतीआड नेऊन ठेवण्यापेक्षा त्याच्या गावात, त्याच्या माणसांत ठेवूनच बरं करायचं, हे आमचं काम. महिन्यातल्या ठरल्या दिवशी जीप गावात जायची. डॉक्टर तपासायचे, गोळ्या लिहून द्यायचे, ज्याला रोज गोळी घ्यायचा कंटाळा त्याला महिनाभर पुरणारी सुई टोचायचे. डॉक्टरांचं काम झटपट व्हायचं. उरलेला दिवस माझा. गोळी पोटात जाते की म्हशीच्या दावणीत जाते ते बघायचं, घरच्यांना समजवायचं, शेजाऱ्यांची तोंडं बंद करायची आणि बऱ्या झालेल्या माणसाला कुठंतरी कामाला चिकटवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. औषधानं माणूस सुधारतो, पण गावाला द्यायचं औषध आमच्या पेटीत नव्हतं.

आणि लपवाछपवी तर विचारू नका. वाईला घाटाजवळ एक घर होतं. तिथल्या सूनबाईंना हात धुण्याचा आजार. दिवसभर हात धुवायच्या, सालटी निघायची तरी धुवायच्या. सासूबाईंनी मला अट घातली. यायचं ते मागच्या बोळातून, आणि कुणी विचारलंच तर 'पापडवाली' म्हणून सांगायचं. मी सांगितलं. पुढच्या खेपेला शेजारच्या काकूंनी मला बोळात गाठून दोन किलो उडदाच्या पापडांची ऑर्डर दिली! नाही म्हणावं तर बिंग फुटतंय. शेवटी साताऱ्याला माझ्या आईनं बिचारीनं कंबर मोडेस्तोवर लाटून दिले. काकूंचा निरोप आला, पापडखार जास्त झालाय. सूनबाई वर्षभरात चांगल्या सुधारल्या, पण सासूबाईंनी माझा निरोप घेताना काय म्हणावं? "तुमचं औषध अगदी गुणाचं हो. पापडांचं तेवढं बघा." आई जाईपर्यंत ते विसरली नव्हती.

दुसरी अडचण दवंडीची. गावात शिबिर आहे हे लोकांना सांगायचं कुठल्या शब्दांत? शिराळ्याकडच्या एका गावात कोतवालानं आपल्या मनानंच पुकारा केला, "ऐका हो ऐका, येड्यांचा डॉक्टर आलाय." दिवसभरात एकच माणूस आला. तोही हे सांगायला, की आमच्या गावात कुणी येडं न्हाई, येडी समदी वड्याच्या पलीकडच्या गावात हायती, तिकडं जावा. पुढच्या गावात आम्ही शहाणे झालो. 'डोक्याचा डॉक्टर' असं सांगा म्हणालो. झालं! टक्कल पडलेले आले, कोंडा झालेले आले, एक बाई चार पोरी रांगेत घेऊन आली, चौघींच्या डोक्यात उवा. आमचे डॉक्टर पुण्याचे, तरुण, नुकतेच शिकून आलेले. ते माझ्याकडं असं बघायला लागले की जणू उवा मीच सोडल्यात. तिसऱ्या गावात 'ज्यांना झोप लागत नाही त्यांनी यावं' असं पुकारलं, तर अख्खं गाव लोटलं. एक आजोबा म्हणाले, "धाकट्या पोराचं लगीन ठरत न्हाई, झोप कशी लागंल? काय असंल तर सुई द्या."

हसायला होतं, पण यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गावात कोण काय पुकारतो याला किती किंमत असते ती. आणि ती किंमत एकदा गेली की माणसाचं काय होतं, ते मला म्हाळूनं दाखवलं.

म्हाळूचं गाव जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक दिवाळी अंक वाचतात आणि मला अजून जेवायला बोलावतात. म्हाळू धनगराचा. बापजाद्यांची मेंढरं होती, याच्या वेळेला थोडी शेती, थोडी मेंढरं. माळावर मेंढरं हाकून हाकून आवाज असा कमावलेला, की इकडनं हाक मारली तर पलीकडच्या गावातली मेंढरं मान वर करत. तिशीच्या आतबाहेर वय, अंगानं दांडगा, स्वभावानं लाजरा. बायको शालन, चुणचुणीत आणि जिभेनं तिखट. आईला सगळं गाव अव्वा म्हणायचं.

त्या गावाला उन्हाळ्यात पाणी टँकरनं यायचं, टँकर विहिरीपाशी उभा राहायचा. टँकर आला की ग्रामपंचायतीच्या कर्ण्यातून, म्हणजे गावाच्या भाषेत भोंग्यातून पुकारा व्हायचा. मग बाया घागरी घेऊन पळायच्या. उशीर झाला तर तळातला गाळ. म्हणजे 'टँकर आला' या दोन शब्दांवर त्या गावाचं सगळं चालायचं.

एका चैत्रात भर दुपारी म्हाळू पंचायतीत शिरला, माईक हातात घेतला आणि आपल्या त्या आवाजात पुकारलं, "टँकर आला! घागरी काढा!" गाव धावलं. चुलीवरच्या भाकरी टाकून बाया पळाल्या, दोघी आडव्या पडल्या, घागरींचे पोचे अजून त्या दाखवतात. विहिरीपाशी जाऊन बघतात तर टँकर नाही, टँकरची धूळसुद्धा नाही. मागोमाग आलेला म्हाळू तिथंच उभा राहून हातवारे करतोय, "ह्यो काय, हितं तर हाय!" त्याच्या कानात कुणीतरी स्पष्ट सांगितलं होतं, टँकर आला, सांग जा. त्याला आवाज ऐकू येत होते, आणि ते आजाराचे आवाज आहेत असं त्याला वाटत नव्हतं. त्याच्या लेखी ते शेजाऱ्याच्या आवाजाइतके खरे होते.

त्या दिवशी गावानं त्याला तुडवलं. पुढं अव्वानं देवऋषी केले, बिरोबाला कौल लावला, अंगारे झाले. आमच्यापर्यंत तो आला तेव्हा ढोरासारखा राबणारा तो माणूस कोपऱ्यात बसून भिंतीशी बोलत होता. आमच्या डॉक्टरांनी तपासून घरच्यांना आजाराचं पुस्तकी नाव सांगितलं, "याला छिन्नमनस्कता म्हणतात." सरपंच तिथंच उभे होते. सगळे त्यांना बापू म्हणत. बापूंनी गंभीरपणे मान हलवली आणि अव्वाला समजावलं, "छिन्नीचा मार बसलाय म्हनत्यात. डोक्यात."

गोळ्या आणि सुई सुरू झाली. म्हाळू औषधाला गुणी निघाला. सहा-सात खेपांत तो माणसांत आला. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण बारीक झाले. मग मी त्याला एक सवय लावली. आमच्या कामातली ही साधी, जुनी रीत आहे. म्हटलं, "म्हाळू, कानानं काही ऐकलं की लगेच उठायचं नाही. आधी डोळ्यानं बघायचं. दिसलं तरी जवळ जाऊन हात लावायचा. तरीही शंका आली, तर ज्याच्यावर तुझा विश्वास आहे त्याला विचारायचं, खरं हाय का म्हणून. यात लाज धरायची नाही."

म्हाळूनं ती सवय इतकी मनावर घेतली, की पुढच्या खेपेला मी जीपमधून उतरले तर तो आला, माझ्याकडं नीट बघितलं, दंडाला हात लावला आणि मग म्हणाला, "नमस्कार बाई." जयसिंगना हात लावला. डॉक्टरांना लावला. डॉक्टर दचकले, पण पुण्याचे असून हसले.

एवढं सगळं झालं तरी शालन घरात नव्हती. ती कुपवाडला भावाकडं निघून गेली होती. भाऊ तिथल्या फाउंड्रीत कामाला, आणि तीही एका कारखान्यात नट-बोल्ट पिशव्यांत भरायचं काम करत होती. मी तिला समजवायला गेले. मनात भाषण तयार केलं होतं, आजार कुणालाही होतो, मधुमेहासारखाच हा एक, वगैरे. तिनं मला दोन वाक्यांच्या पुढं जाऊ दिलं नाही.

"बाई, तुमी मला आजाराचं नका सांगू. आजाराला मी भ्याले न्हाई. मी त्यास्नी न्हाऊ घातलंय, घास भरवलाय. पर गावात काय झालं ठावं हाय? मी म्हटलं आज आमच्याकडं आमटी केलीया, तरी लोक हसायची. म्हणायची, म्हाळ्याच्या घरचं बोलणं, आमटी खरी हाय का बगून या! ज्या घरच्या शब्दावर कुत्रं उठत न्हाई, तितं कसं ऱ्हायाचं?"

मग तिनंच सांगितलं, "गावानं त्यांच्या हाकंवर घागर उचलू दे. मी दुसऱ्या दिशी येती."

आता बोला! आमच्या वहीत सुधारणेच्या खुणा वेगळ्या. झोप येते का, जेवतो का, आंघोळ करतो का. शालनची खूण त्या सगळ्यांच्या वरची होती, आणि मला पटली ती हीच. परत येताना जीपमध्ये मी जयसिंगना म्हटलं, म्हाळूला भोंग्यावर बसवायचं. जयसिंगनी गाडीच बाजूला घेतली. "बाई, आज गोळी तुमी घेतली न्हाई का काय?"

नशीब असं, की त्याच सुमाराला पंचायतीचा भोंगा चालवणारे तात्या थकले होते. तात्यांचे समोरचे दात पडले आणि 'टँकर'चा उच्चार 'शंकर' व्हायला लागला. त्यांनी पुकारलं, "शंकर आला", की गावातल्या एका म्हातारीचा मुंबईला गेलेला शंकर आला म्हणून ती स्टँडकडं पळायची. दोनदा पळाली, दोनदा रडत परत आली. बापूंना नवा माणूस हवाच होता, आणि म्हाळूइतका आवाज पंचक्रोशीत नव्हता. तरी बापू ऐकेनात. "बाई, सुईवर चालणारं माणूस मी पंचायतीत घेऊ? गाव मला येडा म्हणंल."

"घेऊन बघा. नाही जमलं तर मी स्वतः काढून नेते," मी म्हणाले.

"बरं, मग आदी हलगी घेऊन फिरू दे. बघू चार दिस."

हलगी म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. आमचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. गावकीची हलगी माझ्या आजोबांनी खाली ठेवली ती कायमची, आणि त्यापायी त्यांनी काय काय सोसलं ते ऐकत मी लहानाची मोठी झाले. म्हटलं, "बापू, हलगी कुणाच्याच गळ्यात अडकवायची नाही. ज्या माईकवर तुम्ही पंधरा ऑगस्टला बोलता, त्याच माईकवर तो बोलेल. जमत असेल तर सांगा." माझा आवाज जरा चढलाच. बापूंनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि हो म्हणाले. बापू तसे मनानं वाईट नव्हते, नुसते घाबरट होते.

म्हाळू भोंग्यावर बसला, आणि पहिल्याच खेपेला फजिती. टँकर आला, म्हाळूनं जाऊन बघितलं, हात लावला, येऊन पुकारलं. गाव जागचं हललं नाही. उलट लोक दारात उभे राहून हसायला लागले, "उठला बगा परत!" टँकरवाल्यानं वैतागून हॉर्न दाबून धरला, तेव्हा कुठं बाया धावल्या. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी लोक बापूंच्या दारात गोळा व्हायला लागले, "म्हाळ्या म्हणतोय टँकर आला, खरं हाय का?" बापू न्हाणीत असले तरी बाहेरून विचारणा. बापू मला म्हणाले, "बाई, ह्यापरीस तात्याचा शंकर बरा हुता. मला आंघोळ तर मिळत हुती."

म्हाळू मात्र आपली रीत सोडत नव्हता, आणि त्या रीतीनं गावात अजब प्रकार सुरू झाले. गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले, तर म्हाळूनं आधी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि मगच पुकारलं. डॉक्टरांना वाटलं, केवढा हा आदर! लहान पोरांना डोस पाजायला सिस्टर आल्या, म्हाळूनं त्यांची पेटी उघडायला लावली, आतल्या बर्फावर बोट ठेवलं, गार लागल्याची खात्री केली आणि मग माईक उचलला. सिस्टर माझ्याकडं तक्रार घेऊन आल्या. वीज गेली होती आणि बापूंनी 'संध्याकाळी लाईट येणार' असं सांगायला लावलं, तेव्हा म्हाळू म्हणाला, आल्यावर हात लावून सांगतो. तेवढ्या बाबतीत मी त्याला दम भरला, की बाबा रे, लाईटला नुसतं बघायचं.

खरी गंमत पुढं झाली. एक मंत्री त्या भागात दौऱ्यावर येणार होते. बापूंना तालुक्यावरून निरोप आला, तुमच्या गावात थांबतील, तयारी ठेवा. बापूंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. म्हाळूला बोलावलं. "सांग गावाला. मंत्रीसायब येत्यात. समद्यांनी नवी कापडं घालून चावडीपुढं यायचं."

"आले का?" म्हाळूनं विचारलं.

"आरं, येणार हायती!"

"मग आल्यावर सांगतो."

"आल्यावर कशाला सांगतोस मर्दा? आल्यावर त्यास्नी दिसत्यालच की समदे!"

"बापू, म्या न बगता बोलत न्हाई. तुमी तेवढं एकडाव दाखवा, हात लावतो आन बोलतो."

"मंत्र्याला हात लावतोस व्हय रं?" बापूंचा आवाज भोंग्याशिवाय सगळ्या गावात गेला. शेवटी त्यांनी स्वतःच माईक हिसकावला आणि पुकारलं. गाव आलं. शाळेची पोरं उन्हात रांगेनं उभी केली, बायांनी ओवाळणीची ताटं आणली, हार आणला, बँजोवाले आणले. दुपार कलली. हार कोमेजला, पोरं घेरी येऊन बसायला लागली. मंत्री दुसऱ्याच रस्त्यानं निघून गेल्याचं दिवस मावळताना कळलं.

परत जाताना कुणीतरी एक वाक्य बोललं. कोण बोललं ते कुणालाच आठवत नाही, आणि आता विचारावं तर निम्मं गाव म्हणतं, मीच बोललो. ते वाक्य असं, "म्हाळ्या बोल्ला नव्हता."

एवढंच! पण गावानं ते धरून ठेवलं. त्याच आठवड्यात बापूंनी उत्साहाच्या भरात भोंग्यावर सांगितलं, टँकर वाटेत हाय, घागरी काढा. एकही बाई उठली नाही. बापू घराघरांतून हिंडून सांगायला लागले, तर दारादारातून एकच प्रश्न, "म्हाळू बोल्ला का?" बापू घामाघूम होऊन म्हाळूकडं आले. म्हाळू विहिरीकडं गेला, टँकर यायची वाट बघत बसला. आला, तेव्हा हात लावला, ओला हात सदऱ्याला पुसला, परत आला आणि पुकारलं. हॉर्न वाजवायची गरज पडली नाही.

पुढच्या खेपेला गावात गेले, तर हे सगळं मला एकाच वेळी सगळ्यांनी सांगितलं. तात्यांनीसुद्धा सांगितलं, पण मला ते शंकराबद्दल काहीतरी आहे एवढंच कळलं. बापू हळूच म्हणाले, "बाई, सरपंच मी हाय का त्यो?" मला हसू आवरेना. आणि खरं सांगते, जीपमध्ये बसल्यावर रडूही आवरेना. माझ्या कामात असे दिवस फार आले नाहीत. सुधारलेली कितीतरी माणसं मी गावाच्या तोंडापुढं हरताना बघितली. औषध लागू पडलं, पण परत कुणी कामाला लावलं नाही, कुणी पोरगी दिली नाही, कुणी शेजारी बसवलं नाही. पुढं पैसा आटला आणि आमची जीपही बंद पडली. ती माणसं कुठं असतील, हा विचार अजून मनात येतो. म्हणून म्हाळूचं एवढं कौतुक.

मी तशीच कुपवाडला गेले. शालन कारखान्याच्या दारात डबा खात होती. मी मंत्र्यापासून सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, भाकरीचा तुकडा मोडत ऐकत राहिली.

"तुमी सोता बगितलं का गावानं घागर उचलताना?" तिनं विचारलं.

"नाही. लोकांनी सांगितलं."

"बरं," म्हणाली आणि डबा झाकून आत गेली. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही. भाऊही डबा खायला तिथं आला होता, त्यानं खांदे उडवले. मी आपली हात हलवत परत आले. म्हाळूला काही बोलले नाही. उगीच आशेला कशाला लावायचं? पण त्यानं माझं तोंड बघितलं आणि समजायचं ते समजला. त्या महिन्यात त्यानं मला एकदाच विचारलं, "बाई, ती कुपवाडलाच हाय न्हवं? बरी हाय न्हवं?"

मग आमच्या शिबिराचा दिवस आला. चावडीत डॉक्टर बसले होते, बाहेर ऊन रखरखत होतं. मी पंचायतीच्या ओट्यावर अव्वाशी बोलत होते. टँकर आला. पंचायतीसमोरच उभा राहिला, कारण विहिरीकडचा रस्ता खणला होता. म्हाळू उठला, टँकरच्या पोटाला हात लावला, ओला हात सदऱ्याला पुसला आणि माईकपाशी आला. फू फू केलं. "ऐका हो ऐका! टँकर आला हाय. पंचायतीम्होरं उबा हाय. घागरी घिऊन..."

आणि बघता बघता गल्ल्यांतून घागरी निघाल्या. कुणी विचारलं नाही, कुणी हसलं नाही. मी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते. रांग धरली. जयसिंगसुद्धा जीपमधून उतरून बघायला लागले.

एकाएकी भोंगा थांबला. नुसती खरखर. मला वाटलं, बॅटरी गेली. मी वळून बघितलं तर म्हाळू माईक तोंडाशी धरून उभा, डोळे रांगेवर खिळलेले, तोंडातून शब्द नाही. एवढ्या दिवसांनी, सगळ्या गावादेखत, परत सुरू झालं की काय? डॉक्टर चावडीच्या दारात येऊन उभे राहिले. अव्वानं माझा हात घट्ट धरला. बापूंचं तोंड पांढरं पडलं.

आणि मग भोंग्यातून, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं, म्हाळूनं मला विचारलं, "बाई... रांगत चौथी बाई उबी हाय. हिरव्या लुगड्यातली. शालनसारकी दिसतीया. खरी हाय का?"

मी बघितलं. सकाळच्या एस्टीनं कधी आली, कुणाची घागर मागून घेतली, कुणाला पत्ता नव्हता. पदर डोक्यावर, घागर कमरेवर. माझं तोंड उघडायच्या आत गावानंच उत्तर दिलं. रांगेतल्या बाया, ओट्यावरचे म्हातारे, बापू, सगळे एका आवाजात ओरडले, "व्हय रं! खरी हाय!"

शालन लाजेनं लाल झाली होती. पण तिचीही जीभ तिखट ती तिखटच.

"आवं, भोंग्यातनं काय इचारताय!" ती रांगेतूनच ओरडली. "मगाधरनं उनात उबी हाय म्या. पाणी सोडाय सांगा आदी!"

भोंगा बंद करायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. म्हाळूचं हुंदके देऊन रडणं माळापर्यंत ऐकू गेलं आणि पाठोपाठ जवळ आलेल्या शालनचा दबका आवाजही.

"गप ऱ्हावा बगू. समदं गाव ऐकतंय. धरा ही घागर."